अंगातून निघून गेलेलं औषध

माझ्या बहिणीच्या दंडात टोचलेलं औषध तिसऱ्या दिवशी तिच्या अंगात संपल्यात जमा होतं. तिच्या सासरच्यांनी ते पुढे दोन महिने जिवंत ठेवलं. लोक म्हणतात, वर्षं गेली की राग निवतो. माझा निवला नाही, आणि निवावा असं मला वाटतही नाही. म्हणून जे झालं ते लिहून ठेवते.

आम्ही हिंगोलीकडच्या पुसेगावचे. वडील शाळेत शिपाई, आई दुसऱ्याच्या रानात कामाला. आम्ही दोघी बहिणी. मी रसायनशास्त्र शिकले आणि नव्वदच्या दशकात मुंबईला एका प्रयोगशाळेत लागले. बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. बारावी झाली आणि तिला वसमतला दिली. स्थळ चांगलं होतं. नवरा साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला, मोठा दीर हायस्कुलात विज्ञानाचा मास्तर. सासू विधवा. हळदीच्या खळ्यावर मजुरी करून तिनं दोन्ही पोरांना शिकवलं होतं. त्या बाईबद्दल मला मनापासून आदर होता, हे आधीच सांगते.

माझं काम काय, हे गावाकडे कुणाला सांगायची वेळ आली की माझी पंचाईत व्हायची. आम्ही रोग बरा करणारं औषध बनवत नव्हतो. रोग कुठे आहे ते दाखवणारं औषध बनवत होतो. एका छोट्या बाटलीत पांढरी पूड असते. तिच्यात टेक्नेशियम नावाचा किरणं टाकणारा पदार्थ मिसळायचा. पूड त्याला धरते आणि जिथे पाठवायचं तिथे घेऊन जाते, कुणी हाडात, कुणी मूत्रपिंडात, कुणी हृदयाच्या स्नायूत. बाहेर ठेवलेला कॅमेरा ती किरणं टिपतो आणि आतलं चित्र उमटतं. टेक्नेशियमचा जोर दर सहा तासांनी अर्धा होतो. शिवाय लघवीवाटे ते बाहेर पडतं, ते वेगळंच.

नवी पूड तयार झाली की ती आधी उंदरांना टोचायची आणि थोड्या थोड्या वेळानं बघायचं, रक्तात किती राहिली, यकृतात किती गेली, अंगाबाहेर किती पडली. मी वर्षानुवर्षं हेच मोजत होते. जी पूड काम झाल्यावरही अंगात रेंगाळते ती आम्ही बाद करायचो, मग तिनं कितीही सुंदर चित्र काढलेलं असो. पाहुण्यासारखं यायचं, निरोप सांगायचा आणि निघून जायचं, हा आमच्या औषधाचा पहिला गुण. अंगातून औषध कधी जातं या एकाच गोष्टीत माझी उमेदीची वर्षं गेली होती. आणि नेमकं तेच माझ्या बहिणीच्या बाबतीत मला कुणाला पटवता आलं नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. हिंगोली जिल्हा परभणीतून नुकताच वेगळा झाला होता. बहिणीला मुलगी झाली, आणि पोरगी वर्षाची होते न होते तोच बहिणीच्या गळ्याशी सुपारीएवढी गाठ दिसायला लागली. वसमतच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. नांदेडच्या डॉक्टरनं हात लावून पाहिलं आणि म्हणाला, थायरॉईडचा स्कॅन करून घ्या. तसला कॅमेरा तेव्हा आमच्या भागात नव्हता. मी म्हटलं, मुंबईला या, माझ्या ओळखीचं हॉस्पिटल आहे. पोरगी अजून अंगावर पीत होती, पण प्रवासात हाल नकोत म्हणून तिला आजीपाशी ठेवली आणि नवरा-बायको दोघंच आले.

तपासणीच्या दिवशी मी रजा घेतली. बहीण पहिल्यांदाच एवढं मोठं हॉस्पिटल बघत होती.

"अक्का, दुखतं का गं हे?"

"सुईएवढंच."

"अन् तू उंदरांना टोचतीस तेच का हे?"

"त्याचीच जात. गळ्यासाठी तर पूडसुद्धा लागत नाही. नुसतं मिठाच्या पाण्यातलं टेक्नेशियम."

ती हसली. म्हणाली, "मंग मी तुझा उंदीर झाले म्हन की."

वीसेक मिनिटांनी तिला कॅमेऱ्याखाली निजवलं. पडद्यावर तिची ग्रंथी फुलपाखरासारखी उमटली, आणि एका पंखाला भोक पडल्यासारखं दिसलं. जिथे गाठ तिथे औषध गेलंच नव्हतं. अशी गाठ साधी असू शकते आणि वाईटही असू शकते. मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सुई घालून गाठीतलं पाणी तपासायला दिलं. आठवड्यानं अहवाल आला, गाठ साधी होती. धोक्याचं काही नव्हतं. मी ऑफिसातून वसमतच्या शेजाऱ्यांकडे फोन करून ते कळवलं आणि आनंदानं माझ्या टेबलावर जाऊन बसले. तिकडे काय चाललं होतं याची मला गंधवार्ता नव्हती.

झालं होतं असं. स्कॅनच्या दिवशी मी बहिणीला कपडे बदलायला घेऊन गेले. तेवढ्यात तिचा नवरा फिल्म घ्यायला खिडकीशी उभा होता. तिथल्या माणसानं त्याच्या हातात पाकीट दिलं आणि वर न बघता सांगितलं, "लहान मुलाला जवळ घ्यायचं नाही. दूध पाजायचं नाही. पुढचा." एवढंच. कधीपर्यंत, ते सांगितलं नाही. एक दिवस एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले असते तर त्याची जीभ झिजली नसती.

बहिणीला मी नीट सांगितलं होतं. उद्यापर्यंत दूध पिळून टाकायचं, परवा घरी पोचलीस की खुशाल पाज. तिनं माझ्या क्वार्टरच्या मोरीत दूध पिळून टाकलं, आणि छाती दुखते म्हणून रात्रभर कूस बदलत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीतून उतरून ती वसमतला घरी पोचली. पोरगी तिला बघून दोन्ही हात पसरून धावली. नवरा दारातूनच ओरडला, "माय, पोरीला धर! दवाखान्यात सांगितलंय, जवळ घ्यायचं न्हाई."

सासूनं पोरीला उचललं. अक्कानं आजपासून पाज म्हटलंय, हे बहिणीचं म्हणणं दवाखान्याच्या शब्दापुढे कुणी धरलं नाही. मोठा दीर शाळेतून आल्यावर त्यानं फिल्मचं पाकीट पाहिलं, त्यावरचं औषधाचं नाव वाचलं, कपाटातून पुस्तक काढलं आणि घराला शिकवणी दिली की असली किरणं कधीच पुरती संपत नाहीत.

मागच्या खोलीत हळदीच्या पोत्यांजवळ बहिणीची बाज पडली. तिच्या ग्लासावर खिळ्यानं फुली मारली. तिचं ताट वेगळं घासायचं, कपडे वेगळे धुवायचे, आणि ती न्हाणीतून आली की मागून फिनेल ओतायचं. पाणी हवं असेल तर ग्लास खाली ठेवायचा आणि मागे सरायचं, मग सासू वरून तांब्यानं ओतायची. शिव्या नाहीत, मारहाण नाही. सासू उलट सारखी विचारायची, "जेवलीस का? बरं वाटतं का?" हे सगळं मायेनं चाललं होतं, आणि म्हणून त्याविरुद्ध ओरडायलाही जागा नव्हती. उद्या सोडतील, परवा सोडतील म्हणून ती वाट बघत राहिली. गाठ साधी असल्याचा माझा निरोप आला तेव्हा तिला वाटलं, आता सुटले. दीर म्हणाला, गाठ साधी आहे, पण औषध साधं नाही.

दोन महिने होत आले तेव्हा तिनं एसटीडीवरून मला फोन केला.

"अक्का, ते औषध अंगातून कधी जातं?"

"कोणतं?"

"तेच. मशीनखाली निजायच्या आधीचं."

"अगं, तू घरी पोचायच्या आतच गेलं ते. काहून विचारतीस?"

ती म्हणाली, "खरं सांगून राहिली न तू? मला बरं वाटावं म्हनून न्हाई न?"

"काय झालं?"

"लेकरू देऊन न्हाई राहिले मला."

मी त्याच आठवड्यात निघाले.

वसमतच्या घरी मी जयभीम घालून आत गेले. भिंतीवर दोन तसबिरी, एक बुद्धाची, एक निळ्या कोटातली, दोन्हींना ताजे हार. पोरगी आजीच्या मांडीवर होती. बहीण मागच्या दारात उंबऱ्याच्या पलीकडे उभी होती, बाहेरच्या बाईसारखी. मी सरळ जाऊन तिला मिठी मारली. सासू चटकन म्हणाली, "बाई, जपून." मी म्हटलं, "मामी, मी हे औषध रोज हाताळते. मला दोन मुलं आहेत. दोघंही माझ्या अंगावर प्यालीत." ती म्हणाली, "तुमची गोष्ट येगळी. तुमी शिकल्या-सवरल्या."

दीर शाळेतून आला. स्वच्छ पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यानं मला आदरानं चहा दिला आणि वही पुढ्यात ओढली.

"ताई, तुम्ही शास्त्रज्ञ आहात. मी साधा मास्तर. पण दहावीच्या पुस्तकात आहे तेवढं सांगतो. एकाचा अर्धा, अर्ध्याचा पाव, पावाचा अर्धपाव." तो लिहीत गेला. "आता सांगा, शून्य कधी येणार?"

"आकड्यात येणार नाही. अंगात येतं. सर, अणू मोजकेच असतात. अर्ध्या अणूचा आणखी अर्धा होत नाही. शेवटचाही एक दिवस विरतो. आणि त्याच्या कितीतरी आधीच ते इतकं कमी होतं की..."

"म्हणजे कमी होतं. संपतं असं तुम्ही म्हणत नाही."

"संपतं म्हणते आहे मी."

"पुस्तकात तसं नाही."

मी त्याला आमच्या प्रयोगशाळेचं उदाहरण दिलं. टेक्नेशियम लागलेले हातमोजे, सुया, कापूस आम्ही शिशाच्या डब्यात काही दिवस बंद ठेवतो. मग तपासतो, आणि काही उरलं नाही म्हटल्यावर साध्या कचऱ्यासारखं जाऊ देतो.

तो सासूकडे वळून म्हणाला, "ऐकलं माय? कचऱ्यात टाकतात हे लोक. भर शहरात."

तेव्हा मला राग आवरणं कठीण झालं. आमच्याकडे कापसाच्या बोळ्यालासुद्धा सुटकेचा दिवस ठरलेला असतो. माझ्या बहिणीला तो नव्हता. मी तसं बोललेही. दीर शांतपणे म्हणाला, "ताई, चिडू नका. शास्त्र पुराव्यावर चालतं. मशीननं दाखवा, आम्ही ऐकू."

प्रयोगशाळेतलं यंत्र मला बाहेर नेता येणार नव्हतं, आणि तो नियम योग्यच आहे. पण नांदेडला माझी एक वर्गमैत्रीण कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होती. त्यांच्याकडे मुलांच्या प्रयोगासाठी किरणं मोजायचं यंत्र होतं, एक पेटी आणि वायरच्या टोकाला धातूची नळी. नळीत किरण शिरला की पेटी टिक करते आणि लाल आकडा एकानं वाढतो. मैत्रिणीनं दोन दिवसांसाठी ते दिलं. पेटी चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन मी एसटीनं वसमतला परत आले.

पोचले तर लाइट नव्हती. भारनियमनाचे दिवस होते. सगळं घर त्या पेटीभोवती बसून लाइट येण्याची वाट बघत होतं, आणि तेवढ्या वेळात मी सगळ्यांना समजावून सांगितलं. हे बघा, हे यंत्र कधीच गप्प बसत नाही. दगडातून, मातीतून, वरून आभाळातून थोडी किरणं येतच असतात, सृष्टी झाली तेव्हापासून. ती थोडी टिकटिक होणारच. बघायचं एवढंच की बहिणीजवळ ती जास्त होते का. कळलं? सगळ्यांनी माना हलवल्या. दिरानंही हलवली. म्हणाला, "बराबर आहे. तुलना करायची."

लाइट आली. बहीण पुढे येऊन बसली. मी नळी तिच्या गळ्याशी धरली.

टिक. टिक टिक. टिक.

"वाजलं!" सासू किंचाळली आणि पोरीला छातीशी धरून अंगणात पळाली.

"मामी, थांबा! आता भिंतीशी बघा." मी नळी भिंतीला लावली. तशीच टिकटिक. माठाशी नेली, तशीच. दिराच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशाशी नेली, दोन पेनांच्या मध्ये. तशीच, कदाचित दोन टिका जास्तच. "बघा सर, तुमच्यातही तेवढीच आहेत. आता काय म्हणता? तुम्हालाही मागच्या खोलीत टाकू?"

तो पांढराफटक पडला. पण मला वाटलं होतं त्या कारणानं नाही. तो भिंतीकडे, माठाकडे आणि मग स्वतःच्या छातीकडे बघत म्हणाला, "म्हणजे घरभर पसरलं."

अडाणी माणसाच्या भीतीचा मला राग येत नाही. भीतीला मी काही सांगू शकते, हात धरून बसू शकते. पण त्या माणसाच्या डोक्यात एक धडा होता, आणि त्या धड्याच्या पलीकडे जग आहे हे त्याला नुसतं माहीत नव्हतं असं नाही, माहीत करून घ्यायचंच नव्हतं. आपली भावजय निरोगी आहे यापेक्षा आपण चुकलो नाही, हे त्याला मोठं होतं. मी माझी सगळी विद्या घेऊन त्या घरात गेले होते, आणि माझ्याच यंत्रानं मी त्याच्या हातात पुरावा देऊन बसले होते.

मी अंगणात गेले. माझा आवाज शेजारपाजारच्या घरांत जात होता आणि मला त्याची पर्वा नव्हती.

"मामी, हिच्या लग्नात तुमीच सांगितलं होतं मला. लहानपणी पाटलाच्या विहिरीवर तुमाला ओंजळ धरायला लावून वरून पाणी ओतायचे. सांगताना रडल्या होत्या तुमी. आन् आज तुमी हिला वरून पाणी ओतून राहिल्या?"

तिच्या तोंडावर क्षणभर काहीतरी हललं. मग तिनं मान ताठ केली.

"ते जातीचं व्हतं बाई. हे सायन्सचं हाय."

मी बहिणीच्या नवऱ्याकडे वळले. तो बाहेरच्या ओट्यावर बसून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. "दाजी, तुमी तरी बोला."

"माझं काई म्हननं न्हाई," तो म्हणाला. "दवाखान्यात सांगितलं तेच मी सांगितलं."

आत टिकटिक चालूच होती. तेव्हा बहीण पहिल्यांदा बोलली.

"अक्का, बंद कर ते मशीन."

मी आत जाऊन बटण दाबलं. बाहेर आले तर ती सासूसमोर उभी होती. "मला तुमचा पुरावा नको," ती म्हणाली. "माझं लेकरू द्या." सासू मागे सरली. बहीण आणखी पुढे गेली. सासूला तिचा स्पर्श नको होता, आणि बहिणीनं नेमका त्याचाच फायदा घेतला. ती इतकी जवळ गेली की सासूचे हात आपोआप सैल झाले. तिनं पोरीला घेतलं. पोरगी आजीकडे हात करून किंचाळायला लागली. दोन महिन्यांत तिला आईच्या अंगाची ओळख राहिली नव्हती. तशा रडणाऱ्या लेकराला कवटाळून बहीण अंगावरच्या लुगड्यानिशी बसस्टँडच्या वाटेला लागली. मी पेटी चादरीत गुंडाळली आणि मागे धावले.

हिंगोलीला बस बदलून आम्ही पुसेगावला पोचलो. आईनं पोरीला घेतलं, बहिणीला न्हाऊ घातलं, आपल्याच ताटात जेवायला बसवलं. दुसऱ्या दिवसापासून आईनं तिला हळीव, मेथी, बाजरीची खीर, जे जे सुचेल ते खाऊ घातलं. पण दूध आटलं होतं ते आटलंच. बहीण पोरीला छातीशी धरायची. पोरगी दोनदा ओठ लावायची आणि चिडून तोंड फिरवायची. चौथ्या-पाचव्या दिवशी बहिणीनं प्रयत्न सोडला. त्या वेळी तिच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही. औषध तर केव्हाच नाहीसं झालं होतं. भरून न येणारं नुकसान झालं ते हे, आणि ते कुठल्याही कॅमेऱ्यावर दिसणारं नव्हतं.

मी मुंबईला परतले ती पेटलेलीच. आमच्या एका नव्या पुडीचं काम तेव्हा शेवटच्या टप्प्यात होतं. बाटलीबरोबर द्यायच्या माहितीपत्रकावर बैठक होती. कुठल्या तापमानाला ठेवायची, किती वेळात वापरायची, उंदरांत किती टक्के कुठे गेली, सगळं बारीक अक्षरात होतं, इंग्रजीत. मी म्हटलं, यात रुग्णाच्या हातात द्यायचा एक कागद जोडा. मराठीत, हिंदीत, चार ओळींचा. औषध अंगातून कधी जातं आणि त्यानंतर कुणी कुणापासून लांब राहायची गरज नाही, एवढंच लिहा.

आमचे प्रमुख म्हणाले, "ते हॉस्पिटलचं काम. आपण औषध हॉस्पिटलला देतो, रुग्णाला नाही."

"रुग्ण सांगून राहिलाय की हॉस्पिटल सांगत नाही."

"भावनेनं बोलू नका. आणि तुमच्या भागातल्या लोकांना हे वाचून कळणार आहे का?"

'तुमच्या भागातले लोक' म्हणजे कोण, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना कळलं. मलाही. मी म्हटलं, "सर, आपण उंदराच्या मूत्रपिंडात काय उरलं ते दशांशात लिहितो. बाईच्या अंगात काय उरलं ते तिला तिच्या भाषेत सांगायला आपल्याला लाज वाटते का?" बैठकीच्या टिपणात माझ्या म्हणण्याची एक ओळ आली, सूचनेची नोंद घेतली अशी. कागद निघाला नाही. पूड चांगली होती, ती बाजारात गेली. तिच्यावर आजही माणसांची हृदयं तपासली जातात. मला तिचा अभिमान आहे आणि मला तिचा रागही येतो.

चार महिन्यांनी बहिणीचा नवरा पुसेगावला आला. मी नेमकी सुट्टीवर तिथे आले होते. तो अंगणातच उभा राहिला. वडिलांनी त्याला बाज टाकून दिली. त्यानं कारखान्याजवळ एक खोली भाड्यानं घेतली होती. म्हणाला, "माय अन् भाऊ तिकडं राहतील. आमी इकडं."

बहीण म्हणाली, "अन् उद्या कुनी कायबी सांगितलं तर?"

"मी विचारीन," तो म्हणाला. "कधीपर्यंत ते विचारीन."

ती जायला तयार झाली. मी तिला मागच्या अंगणात गाठलं आणि वाट्टेल ते बोलले. त्या माणसानं दोन महिने तुला हळदीच्या पोत्यांत निजू दिलं. ओट्यावर बसून माती उकरली. तू परत चालली? तुला काही वाटत नाही? शिक पुढे, मी पैसे पाठवते, मुंबईला चल.

तिनं मला बोलू दिलं. पोरीच्या केसांना तेल लावत होती, ते थांबवलंही नाही. मग म्हणाली, "अक्का, तू भांडलीस म्हनून मी सुटले, हे मी जन्मभर मानीन. पन आता मला भांडत न्हाई जगायचं. तुला राग परवडतो. तुझं घर तिकडं हाय, नौकरी हाय. मला याच्यासंगं बाजारात जायचंय, पोरीला शाळेत घालायचंय."

"म्हणजे माफ केलंस तू त्यांना?"

"न्हाई," ती म्हणाली. "कुनी सांगितलं तुला?"

ती गेली. संसार केला, आणि चांगला केला. सासू आजारी पडली तेव्हा ही रोज डबा नेऊन द्यायची, आणि सासू तो खायची. मला हे फोनवर कळायचं आणि माझ्या कानशिलात घण बसायचे. दीर पुढे मुख्याध्यापक झाला. चुकलो, हा शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नाही. पोरीच्या पाचव्या वाढदिवसाला तो खेळणं घेऊन आला, बहिणीच्या हातचा चहा प्याला आणि पावसापाण्याचं बोलून गेला. मी तिथेच होते. मी उठून बाहेर गेले.

आणखी काही वर्षांनी एका नव्या औषधाच्या चाचणीसाठी मला हॉस्पिटलात ये-जा करावी लागत होती. एकदा स्कॅनच्या खोलीबाहेरच्या बाकांपाशी एक नर्स एका तरुण बाईच्या नातेवाइकांना सांगत होती, "बाळाला हिच्याजवळ देऊ नका." आणि ती वळून चालायला लागली. बाळाला घेतलेली म्हातारी लगेच बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली. तरुण बाई नुसती बघत राहिली.

"कधीपर्यंत?" मी ओरडले.

नर्स दचकून थांबली. "काय?"

"कधीपर्यंत देऊ नका? सांगा त्यांना. तुम्हाला माहीत आहे ना? मग सांगा!"

सगळा बाहेरचा हॉल आमच्याकडे बघायला लागला. नर्स लाल झाली. पोरसवदा होती, सकाळपासून उभी असावी. ती म्हणाली, "उद्या सकाळपर्यंत." मी म्हटलं, "मला नाही, त्यांना." तिनं म्हातारीकडे वळून सांगितलं, उद्या सकाळपर्यंत. मी पुन्हा म्हटलं, "आणि उद्या सकाळनंतर?" ती म्हणाली, "उद्या सकाळनंतर काही नाही. पहिल्यासारखं."

म्हातारीनं तरुण बाईकडे पाहिलं आणि मोठ्यांदा विचारलं, "म्हणजे उद्या पाजायचं ना हिनं?"

"हो."

माझ्याविरुद्ध तक्रार गेली. कर्मचाऱ्यांशी उर्मट वर्तन. प्रमुखांनी बोलावून विचारलं, असं झालं का? मी म्हटलं, झालं. म्हणाले, माफीचे दोन शब्द लिहून द्या, विषय संपेल. मी त्या मुलीला जाऊन भेटले, तिला चहा पाजला, आवाज चढला त्याबद्दल तिच्याशी बोलले. लिहून मात्र काही दिलं नाही.